ब्रिटनने आचाऱ्यांना दार लावलं, हे बरोबर झालं का?

तंदूरवाला:
बर्मिंगहॅमजवळच्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये मी नऊ वर्षं तंदूर सांभाळतो. २२ जुलै २०२५ पासून इथल्या स्किल्ड वर्कर, म्हणजे परदेशातून कुशल कामगार आणायच्या व्हिसासाठी पदवीच्या तोडीचं काम आणि वर्षाला साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो. शेफचं काम त्यात बसत नाही, त्यामुळे नवा माणूस आणायची वाट बंद झाली. एप्रिल २०२४ च्या आधी पगाराची हीच अट २६,२०० होती.

माझं म्हणणं असं, की तंदूरवर हात बसायला पदवी नाही, वर्षं लागतात. भट्टी किती तापलीय हे तोंडाशी हात नेऊन ओळखायचं, कणकेला किती पाणी घालायचं ते हवेवरून ठरवायचं, नान थापताना मनगट भाजू द्यायचं नाही. मी हे एकोणिसाव्या वर्षी साताऱ्याकडच्या एका ढाब्यावर शिकलो. सरकारच्या लेखी हे कौशल्य नाही, याचा मला राग येतो. आम्ही आता सोमवार-मंगळवार बंद ठेवतो. गिऱ्हाईक आहे, भट्टीपाशी उभा राहणारा नाही.

हिशेबनीस:
असहमत. मी लेस्टरमध्ये छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघते. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव देणारा मालक शोधायचा, नाहीतर परत जायचं. असा माणूस जादा तासांचे पैसे मागेल का? एक मुलगा माझ्याकडे पगाराच्या पावत्या घेऊन आला होता. पावतीवर ३९ तास, काम साठच्या वर, आणि एजंटला द्यायला वडिलांनी शेत गहाण टाकलेलं. त्याच्यासारखे आणखी येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. बाहेरून माणूस मिळतोय तोवर मालक पगार वाढवत नाहीत आणि इथल्या पोरांना शिकवतही नाहीत.

तंदूरवाला:
ताई, त्या पोराचं खरं आहे, असे मीही पाहिलेत. पण त्यावर उपाय म्हणजे मालक बदलायची मोकळीक. दार लावून त्या पोराचं काय भलं झालं? आणि पगाराचं गणित बघा. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं. आठवड्याचे ४० तास धरले तर वर्षाला २५,४०० च्या आसपास होतात. छोट्या हॉटेलवाल्याने तिथून ४१,७०० वर कसं जायचं? त्याच महिन्यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्सही, म्हणजे पगारावर त्याने सरकारला भरायचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला.

सासष्टीकर:
आम्हा गोंयकारांचा अनुभव सांगतो. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने तेव्हा त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय काम करता यायचं, म्हणून आमच्यातले कितीतरी जण इंग्लंडमधल्या स्विंडनला आले. मी हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात केली. पहिल्या मालकाने दोन आठवड्यांचे पैसे अडकवले, तिसऱ्या आठवड्यात मी दुसरीकडे कामाला लागलो होतो. कुणाची परवानगी लागली नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० ला युरोपातून मुक्त येणं संपलं, आणि नव्याने येणाऱ्यांची ती मोकळीकही गेली. त्यामुळे मी तंदूरवाल्या भावाच्या बाजूने आहे, पण जुना व्हिसा होता तसाच परत आणा असं मात्र म्हणणार नाही.

हिशेबनीस:
सासष्टीकर, तुम्ही सांगताय तसा व्हिसा असेल तर माझा विरोध बराच मावळेल. पण सरकार तसं काही देत नाहीये. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतवाले मिळून वर्षाला १,८०० जण, तेही कंत्राटावर, तात्पुरते. म्हणजे माणूस पुन्हा कंत्राटदाराच्याच हातात. तोवर इथल्या मुलांना शिकवा, हेच माझं म्हणणं राहील.

तंदूरवाला:
शिकवतोय. गेल्या महिन्यात इथलीच एक मुलगी आली आहे. तिसऱ्या आठवड्यात तिने पहिला नान भट्टीत न पाडता काढला. शनिवारची गर्दी एकटीने ओढायला तिला अजून दोन वर्षं लागतील.

हिशेबनीस:
तासाला किती देता तिला?

तंदूरवाला:
किमान वेतनापेक्षा एक पौंड जास्त. मालकाशी महिनाभर बोलून मिळवून दिला.