मदत हवी आहे: मीटिंग चालवणारीशीच बिनसलं, तर मध्ये कोणी पडायचं?

नमस्कार. मी इंदूरला, विजयनगर भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमच्या मीटिंगा चालवणं आणि कामातले अडथळे दूर करणं माझ्याकडे असतं. आमच्या टीममधले बाकी सगळे इथे ऑफिसात बसतात, एकच जण दापोलीजवळच्या गावातून घरून काम करतो. कामाला अतिशय चोख मुलगा. गेल्या रिलीजपासून त्याचं आणि माझं बिनसलंय आणि त्याची झळ आता टीमला लागायला लागली आहे.

झालं असं की रिलीज लांबली. त्यावरच्या रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाचा मागोवा घेणाऱ्या मीटिंगमध्ये, बोलता बोलता तो टेस्टिंग करणाऱ्या मुलीचं नाव घेऊन तिला दोष द्यायला लागला. कुणाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही हे टीमनेच ठरवलेलं आहे, म्हणून मी त्याला थांबवलं. दुसरं कुणी असतं तरी थांबवलं असतं, आणि ते मला आजही योग्यच वाटतं. त्याचं म्हणणं असं की टेस्टिंग अपुरं आहे हे त्याने तिकिटावर (त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत) आधीच लिहिलं होतं. तरी 'होऊन जाईल' म्हणत ऑफिसातल्यांनी जेवणाच्या सुट्टीत परस्पर निर्णय घेतला, आणि तो हे सांगायला लागला तेव्हा मी त्याचं तोंड बंद केलं. तिकीट मी उघडून पाहिलं. त्याने खरंच लिहिलं होतं.

तेव्हापासून कॅमेरा बंद. डेलीत, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, दोन वाक्यं, आणि रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज. आता तो एकेकाला वेगळं गाठून 'त्या ऑफिसवाल्यांचीच बाजू घेतात' असं माझ्याबद्दल सांगतो. त्यातल्याच एकाने मला हे कळवलं.

मला खरा त्रास होतो तो इथे. त्याच रेट्रोत ऑफिसातल्या दोघांचीही चांगलीच जुंपली होती. ते दोघं नंतर खाली पोहे-जिलेबी खायला एकत्र गेले आणि विषय तिथेच मिटला, कुणाला माफी मागावी लागली नाही. दापोलीतल्या माणसाचा कॉल संपला की संपला. पावसात लाइट गेलेली, घरात ऑफिसचं दुसरं कुणी नाही आणि डोक्यात माझं शेवटचं वाक्य. भांडण विरायला जो 'नंतर' लागतो, तो त्याला मिळतच नाही.

आम्ही काही बदल केले. मीटिंगला आता ऑफिसातलेही आपापल्या लॅपटॉपवरून हेडफोन लावून बसतात, त्यामुळे खोलीतली कुजबुज थांबली. तिकिटावर लिहिल्याशिवाय कुठलाही निर्णय पक्का धरायचा नाही, हेही ठरलं. दोन्हींचा उपयोग झाला, पण आमच्या दोघांतली गाठ सुटलेली नाही.

फ्रीडरिश ग्लास्ल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९८० मध्ये संघर्ष चिघळण्याच्या नऊ पायऱ्या मांडल्या. पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत माणसं आपसात मिटवू शकतात. चौथीवर ती आपल्या बाजूची माणसं गोळा करू लागतात आणि तिथून पुढे बाहेरच्याची मदत घेतलेली बरी. आम्ही चौथीवर आहोत असं मला वाटतं. एरवी टीममध्ये असं झालं की मध्ये मी पडते. आता मीच एक पक्ष आहे, त्यामुळे मी कितीही सरळ वागले तरी त्याला ते सरळ दिसणार नाही.

पुढची रेट्रो शुक्रवारी आहे. मला हे विचारायचं आहे:

ती रेट्रो मी चालवावी की दुसऱ्या टीमच्या स्क्रम मास्टरला बोलवावं? २०२० च्या स्क्रम गाइडप्रमाणे (स्क्रम या कामाच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका) डेली स्क्रम ही डेव्हलपर्सची असते, त्यामुळे तिथून मी बाजूला होऊ शकते. पण रेट्रोतून अंग काढून घेतलं तर त्याला तो पळ वाटेल का?

दुसरं, भाषेचं. टीमचं बोलणं हिंदीत चालतं, मराठी आम्ही दोघंच. हिंदीत तो तुटक बोलतो, मराठीत मोकळा होतो. आधी त्याच्याशी एकट्याशी मराठीत बोलावं असं मनात आहे. पण बाकीच्यांना, खास करून त्या टेस्टिंगवाल्या मुलीला, ते आपसातलं संगनमत वाटायला नको. तिचंही मन दुखावलं आहे आणि तिच्याकडे अजून कुणी नीट वळून पाहिलेलं नाही.

मॅनेजरपर्यंत हे न्यायचं मी टाळते आहे. अप्रेझल त्यांच्या हातात आहे, आणि एकदा का हे कागदावर आलं की नुकसान लांब बसलेल्याचंच व्हायचं.

जे घरून काम करतात त्यांनी तर नक्की लिहा. तुमचं असं झालं असतं, तर शुक्रवारच्या आत तुम्हाला कुणाचा फोन यायला हवा होता? माझा, की ज्याचा या भांडणाशी संबंध नाही अशा कुणाचा?