फ्रान्समध्ये वेलिंगकरांच्या थडग्यावर जायचंय, तिथे काय चालतं काय नाही?

भटकीमैना: मंडळी, आईबाबांना घेऊन पॅरिसला जातेय आणि बाबांनी एकच हट्ट धरलाय, आयफेल टॉवर राहिला तरी चालेल पण श्रीकृष्ण वेलिंगकरांच्या थडग्यावर फुलं वाहून यायचं. मुंबईचे, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात पायलट, जून १९१८ ला गेले, हँगार्ड नावाच्या खेड्यात पुरलंय एवढं शोधलंय. आत सोडतात का, परवानगी लागते का? हार, उदबत्ती, तिरंगा? बाबा तर नारळ पण म्हणत होते, तो मी कसाबसा कटवलाय.

रानवाट: परवानगी-तिकीट काही नाही, गावच्या दफनभूमीला लागूनच आहे. आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांची थडगी सांभाळणारी संस्था) साइटवर नाव टाका, पण इंग्रजीत 'g' हे अक्षर न घालता, Welinkar असं, म्हणजे प्लॉट, रांग, नंबर मिळेल, तो लिहूनच न्या कारण सगळे दगड एकसारखे पांढरे, अधिकारी असो की शिपाई उंची तीच, हे कमिशनने मुद्दाम ठेवलंय. पॅरिसहून अमियाँ शहरापर्यंत ट्रेन आणि पुढे गाडी भाड्याने घ्या, खेड्यात बसच्या भरवशावर आईबाबांना नेऊ नका. फुलं ठेवा, छोटा झेंडा मातीत खोचा. दगडाला काही चिकटवायचं नाही, हळदकुंकू लावायचं नाही, पाणी घालून घासायचं तर अजिबात नाही, दगड खराब होतो. उदबत्ती मी तरी टाळेन, राखेचा डाग पडतो.

स्पष्टच_बोलतो: राग नको, पण इंग्रजांच्या बाजूने लढले ना ते? दगडावर पण 'साम्राज्याच्या सर्वात शूर सुपुत्रांपैकी एक' अशा अर्थाची ओळ आहे. तिरंगा तिथे कशाला?

जुनीपानं: दगडावरची ओळ त्या काळाची आहे हो, १९१८ साली दुसरं काय कोरणार होते? बाकी माहिती बघा. त्या युद्धात विमान उडवणारे भारतीय म्हणून चारच नावं सांगतात, वेलिंगकर, इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरोल सेन. सेन जर्मनांच्या कैदेत गेले, मलिक वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. म्हणजे जो माणूस साम्राज्यासाठी उडला तोच नंतर त्याच देशात आपला झेंडा घेऊन गेला, मग वेलिंगकरांपुढे तो खोचायला काय हरकत? आणि त्यांचं तर थडगंच सापडत नव्हतं, जर्मनांनी पुरलं तेव्हा नावाचा पार चुथडा झालेला, ओळख पटली ती युद्ध संपल्यावर. मृतदेह घरी न्यायची सोयच नव्हती, ब्रिटिश सरकारने सगळ्यांनाच मनाई केली होती.

मैना, वेळ असेल तर उत्तरेला लाँसजवळ एस्तव्हेलला पण जा. तिथे रॉय आहेत, २२ जुलै १९१८ ला पडले, वय १९. त्याआधीच्या दोनेक आठवड्यांत त्यांच्या नावावर शत्रूची १० विमानं पाडल्याची नोंद झाली होती! त्यांच्या दगडावर बंगालीत मजकूर आहे, बाबांना आवडेल. नव्ह शापेलचं भारतीय स्मारक पण त्याच बाजूला, तिथे ज्यांना थडगंच मिळालं नाही अशा ४७०० हून जास्त जणांची नावं आहेत.

स्पष्टच_बोलतो: मलिकांचं माहीत नव्हतं. ठीक, खोचा झेंडा.

भटकीमैना: खूप आभार, दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतील का?

रानवाट: पहाटे निघालात तर होतील, पण धावपळ होईल, अमियाँला मुक्काम करा. आणि हो, अशा दफनभूमीत बऱ्याच ठिकाणी भिंतीत छोटी धातूची पेटी असते, आत वही असते, भेट देणारे नाव-गाव लिहितात. दिसली तर बाबांना मराठीत लिहायला सांगा. पेन घेऊन जा, तिथलं बहुतेक वाळलेलं असतं.