परसातले जादा कोंबडे, अंडी थांबलेल्या कोंबड्या आणि आजारी पक्षी: निर्णय कसा घ्यावा?

भोरची_परसबाग

सप्रेम नमस्कार. आम्ही भोर तालुक्यातील एका लहान गावात राहतो. मुलांना घरची अंडी मिळावीत एवढ्याच हेतूने आम्ही वनराज जातीची काही पिल्ले आणली आणि शेजारून थोड्या गावठी कोंबड्या घेतल्या. पुढे दोन कोंबड्या खुडूक झाल्या, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसू लागल्या; आम्ही त्यांना अंड्यांवर बसवले, पिल्ले चांगली निघाली आणि बहुतेक जगलीही. आज खुराड्यात 24 पक्षी आहेत आणि त्यांपैकी 9 कोंबडे आहेत. ते वयात आल्यापासून आपसात रक्त निघेपर्यंत झुंजतात, आणि त्यांच्या सततच्या त्रासाने कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे गळून कातडी उघडी पडली आहे.

आमचे सासरे माळकरी आहेत. नातवंडांसाठी अंडी त्यांनी चालवून घेतली, परंतु घराच्या आवारात सुरी चालणार नाही असे त्यांनी आधीच सांगितले होते आणि आम्हा सर्वांना ते मान्य आहे. यजमानांचे म्हणणे असे की जादा कोंबडे व्यापाऱ्याला द्यावेत. येथे येणारा व्यापारी पक्ष्यांचे पाय बांधून त्यांना मोटारसायकलच्या हँडलला उलटे टांगून नेतो, आणि ते पाहून माझे मन तयार होत नाही. ज्यांना आपण दाणे घालून वाढवले, त्यांचा शेवट नजरेआड झाला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मला म्हणता येत नाही.

आणखी तीन गोष्टी आहेत. सर्वांत जुन्या चार कोंबड्यांनी अंडी जवळजवळ बंद केली आहेत. एका कोंबडीचे पोट आठवडाभरापासून फुगलेले आहे, ती शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते आणि दाण्यावर येत नाही. शिवाय पलीकडच्या वाडीत चार-पाच दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्याचे ऐकले. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पशुवैद्यक_निवृत्त

आपण शेवटी लिहिलेली गोष्ट मी आधी घेतो, कारण ती थांबू शकत नाही.

वाडीतील मर बहुधा मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची असेल. श्वासाला तोंड उघडणे, हिरवट हगवण, पंख किंवा पाय लुळे पडणे आणि मान पिळवटणे ही तिची लक्षणे आहेत. या रोगावर औषध नाही. लस आधी दिलेली असेल तरच संरक्षण मिळते. तथापि अचानक मोठी मर आणि तुरा व गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे-काळे पडणे ही बर्ड फ्लूचीही लक्षणे असतात, आणि दोन्ही रोगांतला फरक केवळ पाहून निश्चित करता येत नाही. म्हणून आजच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी कोणीही फाडून पाहू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, आणि स्वस्तात मिळतो म्हणून शिजवायला आणू नये. नमुने आधी पुण्याच्या रोग निदान प्रयोगशाळेत जातात, आणि बर्ड फ्लूचा संशय असल्यास अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते.

लोक कळवायला घाबरतात, कारण शासन सगळ्या कोंबड्या मारून टाकील अशी त्यांना धास्ती असते. ही धास्ती निराधार नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही तीच वेळ आली. रोग निश्चित झाला की केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी, निरोगी दिसत असले तरी, मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. परंतु नुकसानभरपाई मिळते ती अशा मोहिमेत मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्या पक्ष्यांची नाही. उशीर करणाऱ्याचे त्यात आर्थिक नुकसानही आहे. शिवाय 2009 च्या पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने कायद्याच्या अनुसूचीतील रोगाचा संशय आल्यास कळवणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. हा विषाणू माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्या खुराड्यापुरता राहत नाही.

निदान होईपर्यंत आपला एकही पक्षी विकू नये, कोणाला देऊ नये आणि बाहेरून आणू नये. पक्षी आवारातच कोंडून ठेवावेत, वाडीतून आलेल्या माणसाला खुराड्याजवळ येऊ देऊ नये आणि खुराड्यात जाण्यासाठी चपलांचा वेगळा जोड ठेवावा. जादा कोंबड्यांचा निर्णय तोवर पुढे ढकलावा लागेल. झुंजणारे कोंबडे तेवढ्या काळासाठी जाळी घालून वेगळे करावेत.

आता फुगलेल्या पोटाच्या कोंबडीविषयी. अंडे अडकले असते तर ती इतके दिवस तगली नसती, कारण तो एक-दोन दिवसांत जिवावर बेतणारा प्रकार आहे. आपले वर्णन बहुधा पोटात बलक साचून झालेल्या दाहाचे किंवा पोटात पाणी होण्याचे आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांत, विशेषतः दोन वर्षांनंतर, हे आढळते आणि त्यातून पूर्ण बरे होणे दुर्मीळ असते. पाणी काढल्यास काही दिवस आराम पडतो, पण ते पुन्हा साचते. डॉक्टरांना एकदा जरूर दाखवावे. ती खात-पीत नसेल, उठत नसेल आणि श्वासाला धाप लागत असेल, तर तिला आणखी आठवडाभर तसेच ठेवण्यात तिच्यासाठी काही चांगले आहे असे मला वाटत नाही. शांतपणे मरण देण्याची विनंती डॉक्टरांना करता येते. आपल्या घरात सुरी चालत नाही, म्हणून हा मार्ग मी मुद्दाम सांगतो.

कृपया दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात टाकू नये. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि तीच अंडी मुले खातात. कोलिस्टिन हे औषध तर अन्न देणाऱ्या जनावरांसाठी 2019 पासून देशात बंद आहे.

कुडाळचे_खळे

भोरच्या ताईंना नमस्कार. डॉक्टरांनी रोगाविषयी सांगितलेच आहे. मी जादा नरांविषयी आणि त्यांच्या शेवटाविषयी लिहिते, कारण आमच्या घरात तीन पिढ्या हे काम बायकांकडे आहे.

कोंबडी अंड्यांवर बसवली की 21 दिवसांनी जी पिल्ले निघतात त्यांत साधारण निम्मे नर असतात, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. म्हणजे बारा अंडी ठेवताना पाच-सहा नरांचे पुढे काय करायचे, हे त्याच दिवशी ठरलेले असावे लागते. ज्या घरात कापणे नाही आणि विकायला मन धजत नाही, त्या घरात कोंबडी खुडूक झाली तरी तिला अंडी देऊ नयेत. रोजची अंडी रोज उचलावीत आणि तिला काही दिवस खालून वारा लागेल अशा मोकळ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे. तिची खुडूक मोडते. आणि नुसती अंडीच हवी असतील तर कोंबडा लागतही नाही, कोंबडी त्याच्याशिवाय अंडी देतेच.

आता जे नऊ आहेत, त्यांतला एक ठेवा. आक्रमक ठेवू नका; दाणा दिसला की स्वतः मागे राहून कोंबड्यांना बोलावणारा निवडा. बाकीच्यांना गिऱ्हाईक मिळेल. आमच्याकडे राखणीसाठी (राखणदार देवाला मान देण्यासाठी) आणि जत्रांसाठी गावठी कोंबड्याला मागणी असते, तुमच्याकडे आषाढात ती सर्वांत जास्त असेल आणि श्रावण लागला की भाव पडेल. व्यापाऱ्याला देण्याऐवजी गावातल्याच खाणाऱ्या घराला एकेक द्यावा, म्हणजे तो कुठे गेला हे तुम्हाला माहीत असते. देताना अट घालावी की तो डालग्यात न्यायचा, टांगून न्यायचा नाही. ही अट तुमच्या मनाचा हळवेपणा मानू नका. उलटा टांगलेला पक्षी नीट श्वास घेऊ शकत नाही, त्याच्या पायांचे सांधे निखळतात, आणि जनावराला विनाकारण यातना होतील असे नेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. अट न मानणाऱ्याला कोंबडा देऊ नये, भाव कमी आला तरी चालेल.

जे काम घरात होणार नाही, ते ज्याच्या हातून होणार आहे त्याला तुम्ही ओळखत असावे, असे माझे ठाम मत आहे. देशावर बहुतेक गावांत हे काम मुलाणी करतात. त्यांना एकदा भेटा, पाते कसे आहे आणि एका पक्ष्यासमोर दुसरा कापतात का ते विचारा. पक्षी रात्री अंधारात पकडावा, तेव्हा तो धावत नाही आणि बाकीचे बिथरत नाहीत. आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवावा, पाणी मात्र शेवटपर्यंत द्यावे.

मुलांना काय सांगायचे हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. कोंबडा पळून गेला असे सांगू नये. ती शोधत बसतात.

अंडीपुरते

वरील दोन्ही प्रतिसादांतील माहिती मला मान्य आहे, परंतु जुन्या चार कोंबड्यांविषयी त्यांत काही आलेले नाही, ते मी लिहितो.

आम्ही शाकाहारी कुटुंब आहोत, मुले तेवढी अंडी खातात. आमच्याकडे कोंबडा नाही आणि अंडी थांबलेली कोंबडी मरेपर्यंत सांभाळायची असे आम्ही ठरवलेले आहे. हे सांभाळणे खर्चिक आहे हे मी मान्य करतो. कोंडून ठेवलेली कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला 40 किलो. मोकळी फिरणारी किडे आणि हिरवळ खाऊन यातला बराच भाग स्वतः मिळवते. कोंबडी सहा-सात वर्षे सहज जगते, आणि तिचे भरात अंडी देण्याचे दिवस त्यांपैकी दोनच वर्षांचे असतात. म्हणजे चार कोंबड्या आणताना आपण प्रत्यक्षात चार-पाच वर्षांचे बिनअंड्याचे खाद्यही कबूल करत असतो. आमच्यासारख्याने दर वर्षी नव्या तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) आणण्याचा मोह टाळावा लागतो. जुनी कोंबडी गेली की मगच नवी, त्यामुळे अंडी कधी भरपूर असतात तर कधी बाजारातून आणावी लागतात.

येथे एक गोष्ट मी लपवू इच्छित नाही. आम्ही फक्त माद्या विकत आणतो, म्हणून आमच्या परसात कोणाला मारावे लागत नाही. परंतु अंड्यांच्या जातींच्या उबवणी केंद्रांत नर पिल्ले बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात, कारण त्यांना वाढवणे कोणालाच परवडत नाही. कुडाळच्या ताईंकडचा नर निदान काही महिने उन्हात फिरतो. आमची पद्धत अधिक निर्मळ आहे असे मी कोणाला सांगत नाही. आम्हाला झेपते ती ही, इतकेच.

भोरच्या ताईंकडे चारच जुन्या कोंबड्या आहेत, जागा आहे आणि घरात माळ आहे. त्यांनी त्या ठेवाव्यात असे मला वाटते. फक्त त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे शिंपल्याचे खाद्य चारू नये, त्यांना तेवढे कॅल्शियम लागत नाही. शिंपले वेगळ्या भांड्यात ठेवावेत, ज्यांना हवे त्या खातात. रात्रीचे खुराडेही एकदा तपासावे. म्हातारी कोंबडी उंच दांडीवर चढत नाही, खाली बसते, आणि मुंगूस आत शिरले की पहिली तीच सापडते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी, षटकोनी तारेची जाळी मुंगूस आणि रानमांजर फाडतात. मुंगसासाठी विष किंवा फासा मात्र लावू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो फक्त आपले पोट भरतो आहे.

भोरची_परसबाग

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. दवाखान्यात कळवले असून डॉक्टर वाडीत येऊन नमुने घेऊन गेले. मानमोडीचा संशय त्यांनी सांगितला, अहवाल यायचा आहे. फुगलेल्या पोटाची कोंबडी त्यांनी तपासली आणि तिला शांत मरण दिले. सासरे त्या वेळी जवळ उभे होते आणि तिला खड्डा त्यांनीच काढला. चार जुन्या कोंबड्या ठेवायच्या असे घरात ठरले. जादा नरांविषयी अहवालानंतर गावातील दोन घरांशी बोलणार आहे.

एकच अडचण उरते. मानमोडीच्या लसीची बाटली शंभर मात्रांची मिळते, आणि इतक्या थोड्या पक्ष्यांसाठी ती कशी आणावी?

पशुवैद्यक_निवृत्त

परसातील पक्ष्यांना लस न मिळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. एकदा पाण्यात कालवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. म्हणून आळीतील सर्व कोंबड्यावाल्या घरांनी एकच दिवस ठरवून बाटली वाटून घ्यावी. दिवस मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून, अहवाल आल्यावर ठरवावा, कारण आजार शिरलेल्या खुराड्यात लस देऊन उपयोग होत नाही.

मानमोडीच्या लशी दोन आहेत: लहान पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी पंखाखाली टोचून, असा सर्वसाधारण क्रम आहे. आर-टू-बी ही लासोटापेक्षा तीव्र लस असल्याने त्याहून लहान वयाच्या पिल्लांना ती टोचू नये, त्याने पिल्ले आजारी पडतात. कोंबड्यांच्या देवी रोगाची लसही त्याच सुमारास पंखाच्या पातळ कातडीत देतात; दोन्हींत किती दिवसांचे अंतर ठेवायचे ते डॉक्टर सांगतील. लस दवाखान्यापासून घरापर्यंत थर्मासमध्ये बर्फावर आणावी. पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे क्लोरिनचे पाणी वापरू नये, त्याने लसीतील विषाणू मरतो. विहिरीचे पाणी घेऊन त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी आणि त्याआधी दोन तास पक्ष्यांना पाणी देऊ नये, म्हणजे सर्वजण लवकर पितात. त्या दिवशी धाप लागलेला किंवा गळून बसलेला पक्षी दिसला तर त्याला लस देऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.