हक्कांची सनद : घटनेचा टेकू की नुसतं गाजर?

चष्मिष्ट : १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहून झाली, पण तीत नागरिकांच्या हक्कांची वेगळी सनद नव्हती. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन याने शेवटच्या आठवड्यात ती मागितली, तर एकाही राज्याने पाठिंबा दिला नाही. गड्याने सहीच केली नाही. हीच उणीव पुढे अंगाशी आली. मॅसॅच्युसेट्सने १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना मान्य केली, तीही दुरुस्त्यांची यादी जोडून. हक्कांचा शब्द दिला नसता तर घटना बारगळली असती, असं माझं ठाम मत.

आडवाटे : असहमत. घटना लागू व्हायला तेरापैकी नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी होती, ती जून १७८८ मध्येच मिळाली. हक्कांची सनद म्हणजे त्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या डिसेंबर १७९१ मध्ये. वरातीमागून घोडं! शिवाय विरोधकांची मोठी पोटदुखी होती केंद्राच्या करवसुलीची. तिला दुरुस्त्यांचा मसुदा करणाऱ्या जेम्स मॅडिसनने हातही लावला नाही. भाषण-धर्माचं स्वातंत्र्य देऊन तोंडं बंद केली.

शेंगदाणा : नऊ पुरेशी म्हणे! व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिली असती तर उरला असता काय देश? तिथेही घटना काठावरच तरली: एकीकडे ८९-७९ मतं, दुसरीकडे ३०-२७. नॉर्थ कॅरोलिना तर आधी नाहीच म्हणाली. दुरुस्त्या राज्यांकडे रवाना झाल्यावर १७८९ च्या नोव्हेंबरात आत आली.

आणि मॅडिसनचंच बघा. असल्या सनदांना तो कागदी कुंपण समजायचा. १७८९ च्या संसदेच्या निवडणुकीत समोर उभा राहिला जेम्स मन्रो. मतदारसंघात बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक बरेच. त्यांच्या धर्मप्रचारकांनी व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून तुरुंग भोगलेला. कल्पेपरला एकाने तर गजांतूनच प्रवचन दिलं होतं. अशा लोकांना 'बघू पुढे' सांगून भागतं का? मॅडिसनने दुरुस्त्यांचा लेखी शब्द दिला, ३३६ मतांनी निवडून आला आणि ८ जूनला सभागृहात त्या मांडल्या. सहकारी कुरकुरत होते, आधी जकातीचं बघा म्हणून.

आडवाटे : म्हणजे मतांसाठीच ना? मी वेगळं काय म्हणतोय!

चष्मिष्ट : असेना का. त्या प्रचारकांना कुठे मॅडिसनचं मन वाचायचं होतं? कलम हवं होतं, मिळालं.

आडवाटे : मिळालं, पण बांधलं फक्त केंद्राला. राज्यांना मोकळं रान. १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलं. आणि तुमच्या त्या मॅसॅच्युसेट्सने ही सनद मंजूर कधी केली, ठाऊक आहे? १९३९ मध्ये.

शेंगदाणा : हे मात्र माहीत नव्हतं. चहा माझ्याकडून.