दुसऱ्यांच्या गायीत भ्रूण ठेवायचं, तर करार कसा करावा? (मोहोळ-माढा)

मोहोळचा_गीरगोठा:
गीर डोनरची (बीजांड देणारी गाय), सेक्स्ड सीमेनची (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) आयव्हीएफ म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली भ्रूणं घेणार आहे. रेसिपियंट (भ्रूण पोटात वाढवणारी गाय) म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या एचएफ (होल्स्टीन) संकरित गायी वापरायच्या. गायी त्यांच्याच दावणीला राहतील, वासरू मी नेणार. बरेच जण म्हणतात, सरळ अर्धलीनं (सांभाळणाऱ्याला निम्मा वाटा) ठरवा. गाय उलटली (न राहता पुन्हा माजावर आली), गाभडली (गर्भ पडला) किंवा गोऱ्हा झाला तर कुणी काय सोसायचं? कागदावर काय काय यावं?

माढ्याचा_मुरघास:
अर्धली शेळीला चालते, तिला दोन-तीन पिल्लं होतात. इथं वासरू एकच. त्याची किंमत कोण ठरवणार, इथंच भांडण लागतं. त्यापेक्षा वासरू पूर्ण तुमचं आणि गायवाल्याला टप्प्याटप्प्यानं पैसे, असं ठरवा.

सगळे पैसे वासरू झाल्यावर द्यायचे ठरले, तर नऊ महिन्यांची जोखीम गायवाल्याच्या गळ्यात पडते. म्हणून पहिला हप्ता गाय तयार करतानाच द्या. सीआयडीआर (माज ठरवून आणायला योनीत ठेवायचं हार्मोनचं साधन) ७-८ दिवस, मग माजाचं इंजेक्शन, त्यानंतर दोन-तीन दिवसांत माज. म्हणजे दहा दिवस तिथंच गेले. माजानंतर सातव्या दिवशी डॉक्टर सोनोग्राफीत पीतपिंड (बीजांडकोशावरचा, गाभण टिकवणारा पिंड) बघतात. तो नीट नसेल तर गाय त्याच दिवशी बाद. दहातल्या दोन-तीन बाद होणं नेहमीचंच, म्हणून बाद गायीच्या मालकालाही हा हप्ता मिळायलाच हवा. नाहीतर पुढच्या खेपेला गाव तुम्हाला गाय देणार नाही.

भ्रूण ठेवूनही गाय राहिली नाही, तर भरपाई रिकाम्या दिवसांवर काढा. माजापासून २१ दिवसांत उलटली तर एक पाळी गेली. मुका माज (बाहेरून न दिसणारा) असेल तर महिन्याच्या सोनोग्राफीतच कळतं आणि पुढचा माज धरून ४२ दिवस होतात. तयारीचे १० मिळवले की ३१ ते ५२ दिवस. समजा चारा-पेंड दिवसाला १८० रुपये, तर ५,५८० ते ९,३६० रुपये. गाय दुभती असेल तर दर कमी धरा, पण शून्य धरू नका. पुढचं वेत लांबतं, त्याचा तोटा आहेच.

पुढचे हप्ते: ३०-३५ दिवसांची सोनोग्राफी, ६०-७० दिवसांची दुसरी तपासणी, सातवा महिना आणि वासराचा ताबा. दुसरी तपासणी गाळू नका. आयव्हीएफची गाभण पहिल्या दोन महिन्यांत गळण्याचं प्रमाण साध्या रेतनापेक्षा जास्त असतं.

पशुवैद्य_पंढरपूर:
पैशाआधी गाय बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, विण्यात अडलेली नसावी, वार अडकलेली नसावी, विऊन ६० दिवस झालेले, माज नियमित. ब्रुसेलाची (गायी गाभडवणारा जंतुरोग) रक्ततपासणी करारापूर्वी, तुमच्या खर्चानं, आणि रिपोर्ट कराराला जोडलेला. हे केलं नाही तर पुढे गाभडल्यावर रोग तुमच्या भ्रूणातून आला की त्यांच्या गोठ्यात होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक कलम लोक विसरतात: भ्रूण ठेवल्यावर तुम्हाला विचारल्याशिवाय रेतन नाही, वळूही नाही. गाभण गायींपैकीही थोड्या माज दाखवतात. अशा गायीत रेतनाची नळी गर्भाशयात गेली की असलेला गर्भ जाऊ शकतो. माज दिसला की त्याच दिवशी फोन करायचा आणि डॉक्टरांनी तपासायचं. त्या तपासणीचे पैसे भ्रूणवाल्याचे.

गाभडली तर गर्भ आणि वार हातमोजे घालून उचला आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तर तोवर दिलेले हप्ते परत मागायचे नाहीत.

सांगोला_खिल्लारप्रेमी:
कायद्याचं सांगतो. करार कायदा १८७२ च्या कलम १६३ मध्ये उदाहरणच गायीचं आहे: गाय दुसऱ्याच्या ताब्यात असताना व्याली, तर वासरूही गायीच्या मालकाला द्यावं लागतं, उलट करार नसेल तर. म्हणजे गाय उद्या तुमच्या गोठ्यात आणून ठेवलीत आणि कागद केला नाही, तरी वासरू त्यांचंच. गाय त्यांच्या दावणीला असताना तर प्रश्नच नको. तेव्हा ‘वासरू भ्रूणमालकाचं’ हे वाक्य स्पष्ट हवं. ५०० चा स्टॅम्प, दोन साक्षीदार आणि गायीच्या कानातल्या टॅगचा १२ अंकी नंबर.

गाभण गाय बाजारात विकली तर काय, हेही लिहा. विकण्याआधी तुम्हाला सांगायचं आणि ठरलेल्या किमतीत पहिला हक्क तुमचा. गायीची किंमत कराराच्या दिवशीच लिहून ठेवा, विम्याचा हप्ता तुम्ही भरा. गाय दगावली तर विम्याचे पैसे गायवाल्याचे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून खात्रीच्या गाभणीमागे ५,००० चं अनुदान मिळणार असेल, तर ते कुणाचं हेही आधीच ठरवा.

मोहोळचा_गीरगोठा:
चीक आणि दुधाचं काय? आणि गोऱ्हा?

माढ्याचा_मुरघास:
चीक वासराचा, त्यावर वाद नको. वजनाच्या दहा टक्के. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर पहिल्या दोन-तीन तासांत आणि बारा तासांत पुन्हा. ही जबाबदारी गायवाल्याची, कारण तुम्ही पोचेपर्यंत वेळ गेलेली असते. आठवड्यानं नाळ सुकली की वासरू न्या. त्यानंतर ठेवलंत तर रोजच्या लिटरचा हिशोब डेअरीच्या दरानं मांडा.

गोऱ्ह्याचं: सेक्स्ड सीमेन असलं तरी दहातला एक निघतोच. हप्ते तेच आणि तोही तुम्हीच न्यायचा, सात दिवसांत. नाही नेला तर दिवसाला ठराविक दंड लिहा. गोऱ्हा दुसऱ्याच्या दारात सोडायचा विचार असेल, तर या धंद्यात पडूच नका.

पशुवैद्य_पंढरपूर:
डीएनए चाचणीही घाला. वासराच्या शेपटीचे केस मुळासकट घ्यायचे आणि डोनर व वळूशी जुळवायचे. वासरू नेण्याच्या दिवशी, दोघांसमोर. रेसिपियंटचा वासराच्या डीएनएशी संबंध नसतो, हे गायवाल्याला आधीच नीट समजावून सांगा. न जुळल्यास शेवटचा हप्ता थांबेल आणि वासरू गायवाल्याकडे राहील.