जुन्या गाडीचा नाद तुम्हाला कसा लागला? गोव्याकडचे अनुभव लिहा

वास्कोचा_पोर
परवा पर्वरीला सिग्नलवर शेजारी एक ट्रेलर येऊन थांबला. वर ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी, फक्त नाक बाहेर. मर्सिडीज १८० डी. त्या नाकापुढेच लहानाचा मोठा झालो, लगेच ओळखली. तेव्हापासून डोक्यात तेच आहे म्हणून लिहितोय.

पपा टॅक्सी चालवायचे. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात परदेशी गाड्या सहज यायच्या. पलीकडे भारतात आयातीवर बंधनं, आणि इथे टॅक्सी म्हणून मर्सिडीज! १९६१ नंतरही त्या गाड्या कितीतरी वर्षं पळत होत्या. डिकीत फणस, मागे बाळंतीण, पुढे भटजी, सगळं त्याच गाडीतून गेलंय.

सकाळी पपा दांडा ओढून धरायचे. डॅशबोर्डवर एक बारीक तार असते, ती हळूहळू लाल होते. "तांबडी जाली रे?" पपा विचारणार आणि मी नाक लावून बघून सांगणार. झाली की दांडा पूर्ण ओढायचा, मग ते १७६७ सीसीचं इंजिन धडधडायला लागायचं. डिझेल पेटण्याआधी इंजिन आतून तापवणारे चार ग्लो प्लग, चारही एकाच माळेत. एक जळला की सगळे थंड. मग पपा एकेक प्लग तपासत बसायचे आणि मी बॅटरी धरून उभा. सिरीज कनेक्शन म्हणजे काय ते मला शाळेच्या आधी तिथे कळलं.

आता माझ्याकडे तीच गाडी आहे, कुडचड्याला एका गोठ्यातून काढलेली. इंजिन उतरवलंय. ती तार लाल होताना बघायचीय मला, बाकी काही नको. तुम्हाला हा नाद कसा लागला? फोटो नसले तरी लिहा.

माशेल_तिठा
तुझ्या पपांच्याच गाडीतून गेली असेल आमची आई! तिची पाठवणी अशाच टॅक्सीतून झाली. फेरीबोटीतून उतरताना चढावर गाडी अडली आणि नवऱ्यामुलाने मुंडावळ्यांसकट खाली उतरून ढकलली. आई अजून सांगते, "ढकलतो म्हणजे माणूस कामाचा आहे, तिथंच कळलं." सध्या एवढंच, कुकरची शिट्टी झाली.

माळा_पणजी
एक गंमत सांगतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली, उजवीकडून चालवायला लागले. गोव्यात मात्र डावीकडूनच चालू राहिलं, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान, तिथे डावीकडून. मोझांबिक आणि मकावलाही तसंच ठेवलं. म्हणून मुक्तीनंतर आपल्या वाहतुकीला काही फरक पडला नाही.

फियाटवाली_फोंडा
माझा नाद इंजिनाचा नाही, शिवणाचा. ह्यांची फियाट डिलाइट. सीट शिवायला एका दुकानात दिली तर चकाकणारं रेक्झीन, वर कंपनीचा खोटा शिक्का, आणि आतला काथ्या काढून फोम कोंबलेला. बसलं की डोकं छताला! घरी आणून सगळं परत उसवलं.

तेव्हा कळलं की जुन्या सीटीतच सगळं लिहिलेलं असतं. जुनं कव्हर फाडायचं नाही, टाका टाका उसवायचं, इस्त्री करून तेच कटिंगला ठेवायचं. पायपिंगची, म्हणजे शिवणीच्या कडेची गोल पट्टी उघडली की आतल्या घडीत मूळ रंग मिळतो, ऊन न लागलेला. ह्यांना वाटत होतं सीटा तपकिरी, निघाल्या डाळिंबी. आम्ही दोघं बघतच राहिलो. दारांच्या आतले पुठ्ठे आपल्या पावसात फुगून जातात, तिथे मी बारीक मरीन प्लाय घातला आणि कडा वार्निशने बंद केल्या. आईचं जुनं पायमशीन आहे, जाड सुई आणि नायलॉन दोरा घातला की रेक्झीनचे दोन थर सहज घेतं, पायपिंगच्या जागी चाक हाताने फिरवायचं.

आता घरात कायम कुणाची तरी सीट पडलेली असते. सासूबाई म्हणतात पाहुण्यांना बसायला जागा नाही. आणि सगळे पाहुणे त्या सीटांवरच बसलेले!

बीटल_हळदोणे
वहिनी, बीटलच्या सीटा करता का?

फियाटवाली_फोंडा
चवथीनंतर विचारा. आता नेवऱ्यांचं सारण हातात आहे.

बीटल_हळदोणे
विचारतो नक्की. माझं लिहितो.

आमच्या वाड्यावर एका आजींच्या गॅरेजमध्ये १९६० ची बीटल होती. त्यांचे यजमान गेल्यापासून दार उघडलेलं नाही. मी विकत मागायला गेलो. आजी बाल्कांवावर बसून म्हणाल्या, "पुता, पयली चालू कर, मागीर पयशांचें उलोवया." म्हणजे पैशांचं नंतर बोलू.

मग दर आयतवारी जायला लागलो. पंख्याच्या पत्र्याआड उंदरांचं घर. हे इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाहीच, म्हणजे तिथे काडीकचरा साठला तर इंजिन भाजून निघणार. सगळं हाताने काढलं. प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलं, पुढच्या आयतवारी पाना लावून हळूच फिरवलं. हललं! आजी आतून चहा घेऊन आल्या आणि विचारलं, "फिरलें?" मी मान हलवली. त्यांनी कप ठेवला आणि परत आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

ह्या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. पायाजवळ एक कळ आहे, गाडी आचके द्यायला लागली की ती फिरवायची, मग राखीव पेट्रोल चालू. आजींनी सांगितलं की यजमान कळ फिरवायचं काम त्यांना द्यायचे. एवढी वर्षं पंपापर्यंत त्यांनीच गाडी पोचवली असं त्या अभिमानाने सांगायच्या. दाराखालचे हीटर चॅनेल मात्र पार कुजले होते. गोव्यात हीटर कुणाला लागतो, पण गाडीचं बळ त्या पत्र्यात असतं. ते नवीन करून घेतले.

चालू झाली तेव्हा त्यांनी किंमत सांगितली ती मी इथे लिहीत नाही, इतकी कमी होती. एक अट: फेस्ताला इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, ह्याच गाडीतून न्यायचं. नेतो. सहा व्होल्टचे दिवे आहेत, म्हणून अंधारायच्या आत परत आणतो.

माशेल_तिठा
कुकर बंद करून आले तर हे वाचलं. आता डोळे पुसत वरण फोडणीला टाकतेय. आजींना माझा नमस्कार सांग.

डिचोली_गॅरेज
सगळं छान आहे पण पोरांनो, पत्र्याबद्दल कुणीतरी बोला. आपल्याकडे खारं वारं आणि चार महिने पाऊस. लोक आधी रंगाची शेड निवडतात. आधी चटईखालचा पत्रा बघा. स्क्रूड्रायव्हर टोचून आरपार गेला तर रंगाची चर्चा बंद. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. गंजावर लांबी थापली तर दोन पावसाळ्यांत फुगा येतो आणि बिचाऱ्या मालकाला वाटतं रंग वाईट होता.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात. तांबड्या मातीने ती बुजतात, आणि दार आतून कुजतं. मे महिन्यात तार घालून साफ करा. पावसात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. छप्पर असलं तर उघडीच ठेवा.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा खराब करतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला. शिसंवालं पेट्रोल २००० सालापासून देशात बंद आहे. त्या शिशावर जुन्या इंजिनाच्या हेडमधल्या सीटा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा, तगायच्या. हेड उतरवलंच आहे तर कडक सीटा बसवून घ्या. मी हेड बेळगावला उद्यमबागेत पाठवतो, क्रँक पण तिथेच. हात चांगला आहे त्यांचा.

मला नाद कसा लागला? मला हे काम आहे. पण एखादी गाडी रात्री गॅरेज बंद केल्यावरही डोक्यात राहते, तो नाद असेल तर आहे.

हायवे_मडगाव
मी फियाटमध्ये डिझेल इंजिन टाकलंय, एसी आहे, रोज ऑफिसला नेतो. माझ्या मते गाडी रस्त्यावर दिसली पाहिजे. शोकेसमध्ये ठेवून काय करायचं?

माळा_पणजी
रोज चालवतोस हे मला मनापासून आवडलं. पण एक लक्षात ठेव. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको. तुझी त्यात बसणार नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आणि ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा गोष्टींनाच काढायची. म्हणजे रोज ऑफिसला न्यायची असेल तर व्हीए नंबरच्या मागे लागू नकोस.

माझं मत विचारशील तर मूळ इंजिन फेकू नकोस. तेल घालून, गुंडाळून माळ्यावर ठेव. पुढच्या माणसाला परत बसवता आलं पाहिजे.

हायवे_मडगाव
आहे की. १०८९ सीसी, माजघरात पाटावर. दसऱ्याला त्यालाही फूल वाहतो.

फियाटवाली_फोंडा
पाटावर! भाऊ तुम्हाला सीटा फुकट शिवून देते.

साखळीचो_भाचो
आमची विकली गेली. मामाची मॉरिस मायनर, ९४८ सीसी. मामाचे खाणीवर ट्रक होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. मॉरिस आधी गेली कारण तिलाच गिऱ्हाईक होतं. मामा घ्यायला आलेल्या माणसाला एक तास सगळं समजावून देत होता. इग्निशन दिलं की पंपाची टिकटिक ऐक, ती मंदावली की मगच स्टार्टर मार, कार्बोरेटरच्या डँपरमध्ये तेल बघत जा. मामी आतून बाहेर आली नाही.

मी स्वतः अजून गाडी घेतलेली नाही. पण कुठेही जुनी मॉरिस दिसली की थांबून नंबर बघतो. आमची कदाचित गोव्याबाहेर गेली. स्टार्टिंगचं हँडल मात्र घरीच राहिलं, पडवीत खुंटीला आहे.

डिचोली_गॅरेज
त्या सालात आमच्याकडे किती गाड्या विकायला आल्या ते विचारू नकोस. ट्रक पण, गाड्या पण. मामांना म्हणावं गॅरेजवर या, बसून बोलू.

माशेल_तिठा
आमच्या दिरांचेही दोन ट्रक होते. समजू शकते.

मॉरिस_काणकोण
भाच्या, माझ्याकडे ९४८ आहे आणि हँडल नाही! बऱ्याच दिवसांपासून शोधतोय. विकतोस का?

डिचोली_गॅरेज
काणकोण, तुझी बॅटरी पॉझिटिव्ह अर्थवर आहे ना अजून? या गाड्यांना प्लस बॉडीला असतो. कुणी नवा वायरमन हात लावणार असेल तर बॉनेटखाली चिठ्ठी लाव.

मॉरिस_काणकोण
रंगाने लिहूनच ठेवलंय, मेस्त्री.

साखळीचो_भाचो
मामाला विचारलं. म्हणाला विकायचं नाही, पण काणकोणच्या माणसाला म्हणावं गाडी घेऊन ये, मी हँडल मारून देतो, जमलं तर ठेवून घे. आणि त्याला आधीच सांग म्हणाला: हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जातो. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.

मॉरिस_काणकोण
येतोच. ह्या आयतवारी पाऊस उघडला तर. फोंड्याहून उसगावमार्गे रस्ता कसा आहे?

साखळीचो_भाचो
बरा आहे, खड्डे आहेत पण सावकाश ये. जेवायलाच ये, मामीने विचारलंय मासे चालतात का.

मॉरिस_काणकोण
आयतवारी सगळं चालतं.

डिचोली_गॅरेज
मी पण येतो. प्लग काढून २५ थाउ (इंचाचे हजारावे भाग) गॅप बघून घेऊ आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट १५ वर. गॅप मोजायचं फीलर गेज मी आणतो.