शब्दचर्चा: जहाज 'बुडवले' की 'पाडाव केले'?

शंकासुर: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. २० ऑक्टोबर १९१४ रोजी यू-१७ या पाणबुडीने नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'ग्लित्रा' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवले. पाणबुडीने बुडवलेले हे पहिले व्यापारी जहाज. मी लिहिले, "ग्लित्राला जलसमाधी मिळाली." बायकोने वाचले आणि म्हणाली, "समाधी? जहाज काय संत होते?" बरे, नुसते 'बुडवले' लिहावे तर सपक वाटते. काय लिहू?

जुनाबाजार: वहिनींना नमस्कार सांगा. समाधी घेतात, आणि तीही स्वतःच्या इच्छेने. रामाने शरयूत घेतली ती जलसमाधी. आपल्या वर्तमानपत्रांनी मात्र बस पुलावरून कोसळली तरी प्रवाशांना जलसमाधी देऊन टाकली आहे. आणि 'बुडवणे' सपक कसे हो? पैसे बुडवले, धंदा बुडवला, बापाचे नाव बुडवले... एवढे जहरी क्रियापद मराठीत शोधून सापडायचे नाही.

दर्याकिनारा: शब्द ठरवण्याआधी त्या दिवशी काय झाले ते बघू.

ग्लित्रा ही ८६६ टनांची जुनी आगबोट, १८८१ मधली. स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथहून नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला कोळसा, तेल आणि लोखंडी पत्रे घेऊन चालली होती. यू-१७ ने तिच्यावर पाणतीर (टॉर्पेडो) सोडलाच नाही. तिला थांबवले, माणसे चढवली, खलाशांना होड्यांत उतरायला लावले आणि मग तळाच्या झडपा उघडून पाणी आत घेतले. एवढेच नाही, खलाशांच्या होड्या काही अंतर किनाऱ्याच्या दिशेने ओढतही नेल्या. पाणबुडीचा कप्तान फेल्डकिर्शनर.

याला आपल्या जुन्या कागदांत शब्द आहे: पाडाव करणे. आंग्र्यांच्या आरमाराने अमुक गलबत पाडाव केले, म्हणजे फोडले किंवा बुडवले नव्हे, तर धरले. दस्तक, म्हणजे परवाना, आहे का बघायचे, नसेल तर माल आणि जहाज बंदरात आणायचे. गोव्याचे पोर्तुगीज हेच 'कार्ताझ' नावाच्या परवान्यावर करत. युरोपातला दर्यावरचा कायदाही याच वळणाचा होता: शत्रूचे व्यापारी जहाज थांबवा, कागद तपासा, बंदरात न्या, तिथले न्यायालय ठरवील. बुडवायचे ते नाइलाज असेल तरच, आणि माणसे सुरक्षित केल्यावर.

शंकासुर: म्हणजे "ग्लित्रा पाडाव केली" लिहू?

दर्याकिनारा: अर्धेच बरोबर होईल. खरी गोम तिथेच आहे. पाडाव करायला जादा माणसे लागतात, धरलेले जहाज हाकून बंदरात न्यायला. यू-१७ वर सगळी मिळून तीसएक माणसे. त्यातली कुणाला देणार? कैदी ठेवायचे तर पाणबुडीत पाय पसरायला जागा नाही. म्हणजे पाणबुडीला थांबवता येते, तपासता येते, पण धरून नेता येत नाही. तिच्या हाती उरते ते बुडवणेच. म्हणून मी लिहीन, "पाडाव करून बुडवली".

जुनाबाजार: इतिहास मान्य, शब्द अमान्य. आजच्या वाचकाला पाडाव कुठे भेटतो? क्रीडा पानावर. "भारताने ऑस्ट्रेलियाचा पाडाव केला." त्याला वाटेल की ग्लित्रा लढली आणि हरली. कोळशाची बोट बिचारी, तिच्याकडे कसली लढाई! "ताब्यात घेऊन, माणसे उतरवून बुडवली" असे सरळ लिहा. लांब होते, होऊ द्या.

दर्याकिनारा: क्रिकेटवाल्यांनी पळवलेले शब्द परत मागायचेच नाहीत का? पण ठीक, अनुवादात तुमचे चालेल. फक्त पुढच्या प्रकरणांत तेच वाक्य वापरू नका. ३० डिसेंबर १९१५ ला यू-३८ ने क्रीटच्या दक्षिणेला 'पर्शिया' बुडवली. ही पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीची प्रवासी बोट, मुंबईकडे निघालेली. इशारा नाही, तपासणी नाही, थेट पाणतीर. काही मिनिटांत बोट तळाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. त्या कंपनीच्या बोटींवर वाढपी बहुधा गोव्याचे आणि डेकवरचे खलाशी हिंदी असत, तेव्हा हे प्रकरण आपल्यापासून फार लांबचे नाही. ग्लित्रालाही 'बुडवली' आणि पर्शियालाही 'बुडवली' लिहिले, तर चौदा महिन्यांत काय बदलले ते वाचकाला कळणारच नाही.

जुनाबाजार: हे पटले. पर्शियाला "पाणतीर मारून बुडवली" लिहा. 'टॉर्पेडो'ही चालेल, पण पाणसुरुंगाशेजारी पाणतीर छान बसतो.

शंकासुर: आणखी एक. जर्मनमध्ये त्या 'यू'चा उच्चार 'ऊ' आहे म्हणे. मग मूळ उच्चाराप्रमाणे 'ऊ-बोट' लिहू का?

जुनाबाजार: लिहा की. डोक्यातली ऊ आणि हाताचे बोट! वाचक फणी घेऊन बसेल.

दर्याकिनारा: 'पाणबुडी'च ठेवा. लोक म्हणतात की ती कायम पाण्याखाली असते, तेव्हा हा शब्द अपुरा. उलट आहे. त्या काळची पाणबुडी बहुतेक वेळ पाण्यावरूनच चाले आणि गरजेपुरती बुडी मारी. यू-१७ ची इंजिने तर घासलेटवर चालणारी, त्यांचा पांढरा धूर लांबून दिसे. बुडी मारणारी ती पाणबुडी, अगदी बेतशीर शब्द आहे.

शंकासुर: आभार. वाक्य असे केले: "यू-१७ ने ग्लित्राला थांबवून ताब्यात घेतले, खलाशांना होड्यांत उतरवले आणि तळाच्या झडपा उघडून ते जहाज बुडवले." बायकोने पास केले. पण पुढच्या ओळीत मी "ती संध्याकाळपर्यंत तरंगत होती" असे लिहिले आहे, तर विचारते, मघाशी 'ते' होते, आता 'ती' कशी?

जुनाबाजार: बोट म्हणाल तर ती, जहाज म्हणाल तर ते. एक काहीतरी धरा. आणि संध्याकाळपर्यंत तरंगत होती हे मूळ लेखात आहे का, तेवढे आधी बघा.